सहा फुलांचा घोस

मे महिन्यातला दुसरा रविवार. झुडपं एकूण एकशे अठरा. हजर तिघं: मी, माझी वहिनी, आणि त्या उतारावर ज्यांचं घर सगळ्यात शेवटी होतं त्या ओइकावा-सान. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी सव्वातीन, मध्ये जेवणाला पस्तीस मिनिटं. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून हे आकडे आठवणीतून नव्हे, कागदावरून लिहितो आहे. बाकीचं, म्हणजे वास, आवाज आणि कोण काय बोललं ते, आठवणीतून. त्यात काही इकडचं तिकडे झालं असेल. आकड्यांत मात्र चूक नव्हती. आकडे सगळे बरोबर होते, आणि तरीही त्यांच्यापायी एका म्हाताऱ्या जोडप्याला हिवाळ्यात घर सोडून जायची वेळ येणार होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि जपानात सेंदाईला दादाकडे राहत होतो. तिथल्या मोठ्या भूकंपाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. दादा विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा, मी तिथेच संख्याशास्त्र शिकायला आलो होतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत दादा, वहिनी, आठ वर्षांची इरा आणि मी. मला वसतिगृहात खोली मिळत होती, पण वहिनी म्हणाली, "तिकडे राहून कोनबिनीच्या दुकानातला थंडगार भात खाशील, वाळशील, आणि आई मला विचारतील." त्यानंतर तो विषय निघालाच नाही. तीन वर्षं मी तिच्या हातचं जेवलो. कोकम संपलं की ती आमटीत उमेबोशी टाकायची, ते खारवलेलं आंबट फळ, आणि दादा दर वेळी म्हणायचा, "आज आमटीला जपानी नागरिकत्व मिळालंय." आजही आमच्याकडे आमटीला नीट आंबटपणा आला नाही की मला त्या बरणीची आठवण होते.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. मागचे धक्के तेव्हाही अधूनमधून यायचे. आधी स्टीलच्या डब्यांची झाकणं किणकिणायची, मग दिवा हलायचा, मग आम्हाला कळायचं. वहिनीने फडताळाला आडवी सुतळी बांधून ठेवली होती. इरा हातातलं सोडून जपानीत मोजायला लागायची. दहाच्या आत थांबलं तर पुन्हा अभ्यास, दहाच्या पुढे गेलं तर टेबलाखाली. कुकरची शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई पहिल्या महिन्यात घाबरून वर आल्या होत्या. त्यांना तो इशाऱ्याचा भोंगा वाटला. वहिनीने त्यांना आत बसवून कुकर उघडून दाखवला आणि वाटीभर मुगाची खिचडी दिली. पुढे शिट्टी झाली नाही तर त्या जिन्यात भेटल्यावर विचारायच्या, "आज बरं नाही का?"

सेंदाईपासून दीड तासावर डोंगरात एक अकरा घरांची वाडी होती. भूकंपात दरड कोसळून तिचा रस्ता गेला होता. नवा रस्ता जरा वरून, जंगलातून काढायचा ठरला होता, आणि त्याआधी उतारावर कोणती झाडंझुडपं आहेत त्याची यादी करायचा नियम होता. ते काम विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडे आलं. त्यांना माणसं कमी पडत होती. वहिनी पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, दोन वर्षं कॉलेजात शिकवलेली, आणि सेंदाईत आल्यापासून सहा वर्षं घरात. तिच्याकडे त्यांनी करंटवर्गातली झुडपं सोपवली. ज्याचं ब्लॅक करंट आइस्क्रीम आपण खातो, त्याची ही रानातली भावंडं. आपल्या सह्याद्रीत ती नाहीत. वहिनीनेही तोवर पुस्तकातच पाहिली होती. मोजायला आणि लिहायला तिने मला घेतलं. "तुला मोजायला आवडतं ना, मग घरातले चमचे मोजण्यापेक्षा हे मोज," ती म्हणाली. चमचे मी खरंच मोजत असे. अठरा होते.

एप्रिलमध्ये तिने मला तीन रविवार नुसतं बघायला शिकवलं. मी पहिल्याच दिवशी हातभर उंचीचं, तळहातासारखं पान असलेलं रोप दाखवून म्हणालो, "हे घे, करंट."

"पान बघून नाव सांगायचं नाही. आधी फांदी बघ. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?"

"समोरासमोर."

"मग सोड. ते मेपलचं पोर आहे."

दुसऱ्या झुडपाची पानं एकाआड एक होती, पण त्याने मला बोट फाडलं. ती रानटी रासबेरी होती. त्या डोंगरातल्या करंटना काटे नव्हते. एवढं चाळून जे उरतं ते आपलं, आणि मग खरी मेहनत सुरू. वर धुक्यात, ओलसर जागी, मोठ्या पानांचं एक झुडूप होतं. त्याच्या पानाला पाच ते सात टोकं, आणि भिंगातून पानाची खालची बाजू पाहिली की पिवळे बारीक ठिपके. पान चुरगाळलं की उग्र वास. त्याचं नाव कोमागाताके-सुगुरी. दुसरं जमिनीवर सरपटणारं, जिथे टेकेल तिथे मूळ धरणारं. त्याच्या फुलाच्या बुडाशी आणि पुढे फळावरही चिकट टोकाचे केस. ते तोगा-सुगुरी. खाली वाडीजवळच्या झुडपांत तिसरं, त्याची फुलं घोसात नाहीत, पानाच्या बेचक्यात पुंजक्याने येतात. आणि चौथं झारिकोमी: पानाला तीन टोकं, मधलं लांब आणि अणकुचीदार, बारीक हिरवट पिवळी फुलं उभ्या घोसात. रस्ता जाणार होता त्या पट्ट्यात हेच जास्त होतं. वहिनी म्हणायची, एका खुणेवर कधी विश्वास ठेवायचा नाही. निदान तीन खुणा एकाच नावाकडे बोट दाखवतात का ते बघायचं. मी हे वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि पाच आठवड्यांत विसरलो.

आता त्या रविवाराकडे येतो. ओइकावा-सान दोरीचं टोक धरून उभ्या होत्या, म्हणजे आम्ही पट्टा सोडून भरकटणार नाही. सत्तरीच्या, बुटक्या, रबरी बुटांतल्या. आम्ही दोघंही सोनवणे-सान, म्हणून त्या वहिनीला 'ओकुसान', म्हणजे घरधनीणबाई, म्हणायच्या आणि मला 'विद्यार्थी-सान'. त्यांच्या यजमानांना मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला गावातल्या दवाखान्यात न्यावं लागायचं. जुन्या रस्त्याने चाळीस मिनिटं. आता डोंगराला वळसा घालून एक तास पन्नास. बर्फ पडलं की तो वळसाही बंद, म्हणून मागचा सगळा हिवाळा दोघांनी गावात एका भाड्याच्या खोलीत काढला होता. "ते तिथे भिंतीकडे तोंड करून बसायचे," जेवताना त्या म्हणाल्या. "या वर्षी बर्फाच्या आधी रस्ता होणार आहे. या वर्षी घरी." वहिनीने त्यांना थालीपीठ दिलं होतं. त्यांनी ते सुरीने एकसारख्या आठ तुकड्यांत कापून, दोन खाऊन, सहा यजमानांसाठी बांधून घेतले.

मी एकशे अठरा झारिकोमींवर प्रत्येकी पाच घोसांतली फुलं मोजली. घरी येऊन आलेख काढला आणि मला झोप लागेना. आलेखाला दोन स्वच्छ उंचवटे होते. चौसष्ट झुडपांच्या घोसांत सात ते बारा फुलं. चौपन्न झुडपांच्या घोसांत दोन ते पाच. सहा फुलांचा घोस एकही नाही. एकाच जातीत फरक असता तर मधले आकडे आले असते; मध्ये अशी रिकामी फट म्हणजे दोन वेगळे गट, हे आम्हाला पहिल्या सत्रात शिकवतात. मी वहिनीला म्हणालो, या दोन जाती आहेत.

"पानं सारखी आहेत," ती म्हणाली. "साल सारखी, पानांचे देठ सारखे. मला दोन जाती दिसत नाहीत."

"मग मला सहा फुलांचा एक घोस दाखव."

पुढच्या रविवारी तिने दोन तास शोधला. लांब घोसांच्या झुडपांना लाल फिती, आखूडांना निळ्या, असं आम्ही बांधत गेलो, आणि सहा काही सापडले नाहीत. तिला जपानी पुस्तक वाचता येत नव्हतं, प्राध्यापक परदेशी गेलेले होते, आणि मी आकडे तोंडावर फेकत होतो. यादीत मी लिहिलं: येथे दुसरी एक जात असण्याची शक्यता असून तिची ओळख पटलेली नाही. वहिनीने खाली सही केली. पेन ठेवताना ती म्हणाली, "तुझ्या भरवशावर करतेय हं." मला त्याचा अभिमान वाटला. आज ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

जुलैत नगर कार्यालयाचं पत्र आलं. दादाने ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "शाबास," तो म्हणाला. "रस्ता थांबवलास." ओळख न पटलेली वनस्पती असेल तर तज्ज्ञाने ती फुलावर असताना पाहीपर्यंत काम बंद, असा नियम होता. फुलं येणार पुढच्या मे महिन्यात. म्हणजे हा हिवाळा गेला.

"मी शक्यता असं लिहिलं होतं," मी म्हणालो.

"त्यांनी तेच वाचलं. इथे लोक लिहिलेलं वाचतात."

आठवड्याने ओइकावा-सानकडून खोकं आलं. काकड्या बावीस, वांगी नऊ, आणि एक चिठ्ठी: उन्हात एवढे कष्ट घेतलेत, आभारी आहोत. रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. वहिनीने त्या वांग्यांचं भरीत केलं आणि आम्ही चौघांनी ते खाल्लं. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं," दादा म्हणाला. इराने जपानीत विचारलं, काकाने काय केलं? वहिनीने तिच्या पानात आणखी भरीत वाढलं.

ऑगस्टच्या शेवटी वहिनी म्हणाली, "फुलांची वाट पुढच्या मेपर्यंत बघायची असेल तर बघू देत. आपण फळं बघून येऊ. तिसरी खूण आपण घेतलीच नव्हती." मला जायचं नव्हतं. ओइकावा-सानना तोंड दाखवायचं नव्हतं, हे खरं कारण. वहिनीने डबा भरला आणि बूट माझ्यापुढे ठेवले.

त्यांचे यजमान ओसरीवर बसले होते, बारीक, पांढऱ्या बनियनवर. त्यांनी मान लवून नमस्कार केला. त्या स्वतः पुन्हा रबरी बूट घालून आमच्याबरोबर आल्या, जणू काही झालंच नव्हतं. उतारावर ऊन होतं, रातकिड्यांसारखे किडे ओरडत होते. निळ्या फितीच्या पहिल्या झुडपाला लाल, गोल, काचेच्या मण्यासारखी तीन फळं. पुढच्या निळ्याला दोन. लाल फितीच्या झुडपाला काही नाही. मी वहीत शून्य लिहिलं. पुढच्या लालला शून्य. मला वाटलं, पक्ष्यांनी खाल्ली असतील. अकरावं शून्य लिहिताना ओइकावा-सान माझ्या वहीत डोकावल्या.

"विद्यार्थी-सान, लाल फितीवाल्यांना कधीच लागत नाहीत. त्यांच्यासमोर उभं राहून काय लिहिता?"

"कधीच नाहीत?"

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून तरी नाहीत. चव्वेचाळीस वर्षं झाली."

"मग मे महिन्यात बोलला नाहीत ते!"

"तुम्ही फुलं मोजत होतात," त्या साधेपणाने म्हणाल्या. "फळांचं कुणी विचारलं नाही."

मी हे वहिनीला मराठीत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग लाल फितीच्या झुडपाकडे, मग निळ्याकडे. आणि मग ती ओल्या जमिनीवर मटकन बसली आणि हसायला लागली. "पपई," ती म्हणाली. "अरे गाढवा, पपई! तुमच्या परसात पपया नव्हत्या का?"

होत्या. निफाडच्या आमच्या घरामागे बाबा दरवर्षी दहा-बारा रोपं लावायचे. फुलं आली की ज्यांना लांब लोंबत्या शेंड्यांवर फुलंच फुलं ती नर, आणि ज्यांना खोडाला चिकटून एकदोनच ती मादी. नर उपटून टाकायचे, एक ठेवायचा, नाहीतर फळ धरत नाही. दहा वर्षांचा असताना ते उपटायचं काम माझं होतं. लांब घोस, पुष्कळ फुलं: नर. आखूड घोस, थोडी फुलं: मादी. सगळं लहानपण जे ओळखत आलो ते मला त्या डोंगरात एकशे अठरा वेळा दिसलं आणि एकदाही ओळखता आलं नाही, कारण मी ते मोजत होतो. वहिनी तर म्हणाली, "तुझं सोड. मी वर्गात हे शिकवलंय." मग दोघांनी मे महिन्यात काढलेले फुलांचे फोटो कॅमेऱ्यात मोठे करून पाहिले. निळ्या फितीच्या फुलांत पराग नव्हता. त्या दिवशीचा हिशेब: निळी चौपन्न, पैकी फळं एक्कावन्नला. लाल चौसष्ट, फळं शून्य. हा आलेख काढायची गरज पडली नाही.

पुढच्या आठवड्यात वाडीच्या सभागृहात बैठक झाली. नगर कार्यालयातून मुरासे-सान नावाचे अधिकारी आले होते, शर्टाच्या खिशात तीन पेनं. वाडीची सतरा माणसं जमिनीवर बसलेली. बोलायचं वहिनीने ठरवलं होतं. यादी तिच्या नावाने होती. पण तिने तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो. माझी जपानी तेव्हा बेतास बात होती, त्यात मांडीला मुंग्या आलेल्या. मी म्हणालो, यादी चुकली आहे आणि ती माझ्यामुळे चुकली आहे, ओकुसानला शंका होती, मी ऐकलं नाही.

मुरासे-सानने कागद उलटले. "कोणता आकडा चुकला आहे? मला तेवढा दुरुस्त करावा लागेल."

"आकडा एकही चुकलेला नाही."

"मग?"

"मी नवरा-बायकोला दोन वेगळ्या जातींचे समजलो."

मागून ओइकावा-सानच्या यजमानांचा बारीक आवाज आला, "आम्हा दोघांकडे बघूनही पुष्कळांना तसंच वाटतं." आधी त्यांची बायको हसली, मग सगळं सभागृह. मुरासे-सानही हसले, पण हसत हसत त्यांनी तीनपैकी एक पेन काढून नियमाप्रमाणे सगळं लिहून घेतलं: फोटो, फळं, कुणी पाहिलं, कधी. प्राध्यापकांनी परतल्यावर नमुने तपासून दुजोरा दिला. एकोणीस दिवसांनी काम पुन्हा सुरू झालं. सुधारलेल्या यादीत वहिनीचं नाव पहिलं होतं आणि ओइकावा-सानचं दुसरं, माहिती देणारी व्यक्ती म्हणून. माझं तिसरं. पुढच्या वर्षीपासून प्राध्यापकांनी वहिनीला आठवड्यातून तीन दिवस कामावर घेतलं, ते आजतागायत चालू आहे. तिने कधी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. परतताना बसमध्ये फक्त एवढंच म्हणाली, "उभा राहिलास ते बरं केलंस. पण पुढच्या वेळी आधी विचारत जा. कुणालाही. दोरी धरणाऱ्यालासुद्धा."

आता मी चाळिशीला आलो. आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, पाण्याचे मीटर, लिफ्टची बिलं सगळं माझ्याकडे. एखाद्या घराचा पाण्याचा आकडा अचानक दुप्पट आला की मी लगेच नोटीस काढत नाही. वर जाऊन दार वाजवतो. बहुतेक वेळा घरात बाळंतीण असते. लोकांना वाटतं मी स्वभावाने सावध आहे. हे मला चार माणसांनी शिकवलं, त्यांतली दोघं माझ्या घरातली होती आणि दोघं एकशे अठरा झुडपांच्या उतारावर राहत होती.

रस्ता नोव्हेंबरच्या मध्यावर उघडला, बर्फाच्या बारा दिवस आधी. चुकीच्या मोजणीच्या दोन रविवारांचं मानधन परत घ्या, असं मी मुरासे-सानना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की दिलेलं मानधन परत घेण्यासाठी कार्यालयाकडे अर्जाचा नमुना नाही, तरी कृपया काळजी घ्यावी. म्हणून मी ते वेगळ्या रीतीने फेडायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेची काही झारिकोमी निघणार होती. ओइकावा-सानना त्यांतली घरामागे हवी होती. दोन शनिवार मी एकटा गेलो आणि खणलं. दुसऱ्या शनिवारी दवाखान्याची गाडी नव्या रस्त्याने वर आली तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. यजमानांनी काच खाली केली, खड्डे मोजले, आणि शेवटच्या खड्ड्याकडे बोट करून म्हणाले, "तो नवरा जरा जवळ लावा. हिवाळ्यात एकटा कशाला?" मी तो हातभर आत घेतला.

एकूण काम सोळा तास. खड्डे सहा: पाच माद्या, एक नर. घेणार ओइकावा-सान. रक्कम पूर्ण पोचली.